आषाढातल्या आठ चुली

कल्याणी गावच्या घरबांधणी कमिटीचे सेक्रेटरी पांडुरंगराव पंचांग पाहिल्याशिवाय खुर्चीसुद्धा हलवत नसत. कमिटी म्हणजे तरी काय, नगरपालिकेमागची एक खोली, एक शिपाई आणि स्वतः पांडुरंगराव. पण या खोलीनं खपून खपून गरिबांसाठी आठ घरं उभी केली होती. दगडी भिंती, पूर्वेला दारं, आणि भाडं मजुराला झेपेल असं. त्रेपन्न सालच्या ज्येष्ठात किल्ल्या वाटल्या, आणि त्याच आठवड्यात बीदरहून हुकूम आला की ही कमिटी आता जिल्ह्याच्या कचेरीत विलीन होणार.

आषाढ तोंडावर आला होता. ज्येष्ठाचे उरलेले दोन दिवस पांडुरंगरावांच्या मते धड नव्हते. "श्रावणात दूध उतू घाला आन मग राहायला जावा," त्यांनी सगळ्यांना बजावलं. नव्या चुलीवर दूध उतू गेल्याशिवाय त्या भागात कुणी बिऱ्हाड मांडत नाही, आणि आषाढात तर मुळीच नाही. लोकांनी कुलपं लावली आणि ते वाट बघत बसले.

भर आषाढात जिल्ह्याचे इन्स्पेक्टर सोमशेखर ताबा घ्यायला आले. आठ दारं, आठ कुलपं.

"कल्याणीला घरांची गरज दिसत नाही," ते म्हणाले. "तहसीलच्या कारकुनांना देऊन टाकतो."

पांडुरंगरावांनी आषाढ समजावून सांगितला. सोमशेखरांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"जिल्ह्याला आषाढ नसतो, पांडुरंगराव. चूल पेटली ते बिऱ्हाड, बाकी सगळं रिकामं. उद्या दुपारी येतो."

पांडुरंगराव तडक मारुतीच्या देवळात गेले. पहिलं घर सोजराबाईचं होतं. अठ्ठेचाळीसच्या पोलीस अ‍ॅक्शनच्या धामधुमीत घर जळाल्यापासून ती दोन पोरींना घेऊन देवळाच्या ओसरीवर राहत होती.

"सोजराबाई, उद्याच चूल पेटवा."

"न्हाई जी. मागलं घर आषाढातच धरलं हुतं, त्याची राख झाली. पोरींना घिऊन पुन्यांदा तसंच जाऊ व्हय? तुमीच तर थांबा म्हनला."

बाकीची सात माणसंही तेच म्हणाली. स्वतःच्या हातानं आठ बिऱ्हाडं बुडवली, हे त्यांना कळून चुकलं आणि रात्री त्यांचं जेवणावरचं मनच उडालं.

"आषाढ पहिल्यांदा दूध उतू घालणाऱ्याला बाधतो ना?" त्यांची बायको अनसूया ताट उचलता उचलता म्हणाली. "मागनं येणाऱ्याला न्हाई. तुमचंच म्हणणं आहे."

"मग आपणच घालू," पांडुरंगराव म्हणाले आणि आपण काय बोललो याची त्यांना स्वतःलाच भीती वाटली.

सकाळी दोघं निघाले, लोकांकडून मागून घेतलेल्या आठ किल्ल्या, चरवीभर दूध आणि सरपण घेऊन. अनसूयाबाईंनी पहिल्या उंबऱ्याला हळदकुंकू लावलं आणि चूल पेटवली. दूध फसफसून खाली आलं. सोजराबाई पोरींना घेऊन दारातच उभी होती.

"आवो, कामून करायलाव हे? तुमाला काई झालं म्हंजी?"

"झालं तर जिल्हा बघून घेईल," पांडुरंगराव म्हणाले.

तिनं डोळ्यांना पदर लावला, पोरींना आत ढकललं आणि त्याच चुलीवर तवा टाकला. ते बघून बाकीचेही आपापल्या दारापाशी येऊन थांबले. आठव्या घरी दूध उतू गेलं तरी अनसूयाबाई चुलीपुढून उठेनात. त्या लग्नापासून तेल्याच्या दुकानामागच्या भाड्याच्या खोलीत राहत होत्या. यातलं एक घर मागा, असं त्यांनी एकदाच सुचवलं होतं. सेक्रेटरीनं स्वतःच घर घेतलं तर बरं दिसणार नाही, म्हणून पांडुरंगरावांनी तो विषय तिथंच संपवला होता.

"चल," ते म्हणाले. "त्यांना स्वयंपाक करायचाय."

दुपारी सोमशेखर आले, धुरानं खोकले आणि घरं भरलेली आहेत असं म्हणाले. जाता जाता त्यांनी पांडुरंगरावांना सोमवारी बीदरच्या कचेरीत हजर व्हायला सांगितलं, दुय्यम कारकून म्हणून. त्या सोमवारी अमावास्या होती. पांडुरंगराव पंचांग न उघडता सामान बांधायला लागले.

बीदरला भाड्याची खोली मिळाली. पहिल्या संध्याकाळी अनसूयाबाईंनी दूध तापत ठेवलं. ते वर चढू लागलं तशी पांडुरंगरावांनी मान वर केली. पण अनसूयाबाईंनी पदरानं धरून भांडं खाली उतरवलं.

"असू दे की, जाऊ दे उतू," पांडुरंगराव म्हणाले.

"कुणाच्या घरात?" अनसूयाबाईंनी विचारलं आणि त्यांच्यापुढे पेला ठेवला.