नाळेचं खोटं

"तवा बरं गोड लागलं. आता कशाला बोंबलतीस?"

असं म्हणून सिस्टरनं माझ्या मांडीवर चापट मारली. मी टेबलावर उताणी. कमरेखाली कापडाचा तुकडा न्हाय. पहिलटकरीण, वय एकोणीस. सिस्टर मग शेजारच्या टेबलाकडं वळली. तिथं मास्तरीणबाई होत्या, वरच्या गल्लीतल्या. त्यांना म्हणाली, "ताई, जरा दम धरा, झालंच आता." मास्तरीणबाई माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होत्या. त्यांना ताई. मला चापट.

मला पोरगी झाली. सिस्टरनं दार उघडून माझ्या मायला आत बोलावलं. मला वाटलं, नात दाखवायला. तिनं कोपऱ्यातलं फडकं दाखवलं. "म्हातारे, टेबल पुसून घे. खालचं बी. तुम्हा लोकांना सवय हाय की."

मास्तरीणबाईंचं टेबल दवाखान्यातल्या मावशीनं पुसलं.

माय खाली बसली. माझं रक्त, माझं पाणी, सगळं तिनं पुसलं. फडकं पिळलं, पुन्हा पुसलं. उठून म्हणाली, "झालं बाई. बघा बरं, ऱ्हायलंय का कुठं."

आता जे सांगते ते सांगायला मला बारा वर्षं लागली. त्या वेळी मला सिस्टरचा राग आला न्हाय. लाज वाटली. मायची. मास्तरीणबाई बघत होत्या ना! मी तोंड भिंतीकडं फिरवलं. माय माझ्याकडं बघत असेल, हे ठाऊक असून फिरवलं.

माय सुईण होती. आम्ही मांगवाड्यातले. आता पाटी बदलली, नगर म्हणतात, पण "कुठल्या वस्तीतल्या तुम्ही?" हे विचारायचं काही थांबलेलं न्हाय. तेरच्या अलीकडं, नदीकाठी आमचं गाव. गावातली निम्मी माणसं मायच्या हातावर जन्मलेली. बाळंतीण अडली की तिला मागच्या दारानं घरात घ्यायचे, आणि काम झालं की त्याच दारानं बाहेर. पाणी वरून ओतायचे. तरी माय गेली. तळवा पोटावर ठेवून सांगायची, "हे डोकं. हा कुल्ला. पोर सरळ हाय, भिऊ नगंस." पोर आडवं लागलं तर लगेच हात काढून घ्यायची. "हे माझ्या हातचं न्हाय. गाडी करा, दवाखान्यात न्या." तिला स्वतःच्या हाताचं माप ठाऊक होतं. लई शिकलेल्यांना ते नसतं.

पुढं मी आशाताई झाले. आमच्या वस्तीतली पहिलीच. ट्रेनिंगमध्ये सांगितलं, घरची बाळंतपणं बंद करायची. बरोबरच होतं ते. पण मी घरी येऊन मायला म्हणाले, "इथून पुढं कुणाच्या पोटाला हात लावायचा न्हाय. माझं काम जाईल." माय म्हणाली, "बरं."

माझी धाकटी बहीण सुनी. तिला येरमाळ्याला दिलेली. हायवेच्या हॉटेलात भाकरी थापायचं काम करायची. सकाळपासून चुलीपुढं उभी. तिच्यासारखी भाकरी कुणाला येत न्हाय, असं ड्रायव्हर लोक बोलायचे. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून सातव्या महिन्यात ती आमच्याकडं आली. माहेरचं बाळंतपण म्हणजे ठरवायचंही माहेरानं. आणि आमच्या माहेरात ठरवणारी कोण, तर मी. आशाताई! सासरच्यांनी मान डोलावली. "तुमाला कळतंय की ताई, तुमी म्हणाल तसं."

सुनीनं पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "अक्का, मला साधंच बाळंतपण पायजे. माझं काम उभ्याचं हाय. पोट फाडून मी उभी कशी ऱ्हाणार?"

मायनं गुपचूप तिच्या पोटावर तळवा ठेवला. मी बघितलं, बोलले न्हाय. माय म्हणाली, "डोकं खाली हाय. आपसूक व्हईल."

पण मी मनात ठरवून टाकलं होतं. माझ्या बहिणीच्या मांडीवर कुणी चापट मारायची न्हाय. सरकारी टेबलावर तिला झोपवायचंच न्हाय. खाजगीत न्यायचं, तारीख घ्यायची, सिझर करून मोकळं व्हायचं. कळाच न्हाईत, तर ओरडायचं काय आणि ऐकायचं काय?

हे कारण मी कुणालाही छाती पुढं काढून सांगितलं असतं. दुसरंही एक होतं. मायच्या हातात कुणी पुन्हा फडकं दिलं, तर ते मला बघायला लागेल. आणि आता मी गावची आशाताई होते.

सुनी ऐकेना. मग मी खोटं बोलले.

"सोनोग्राफीत नाळ दिसलीय. बाळाच्या गळ्याला दोन वेढे. कळा सुरू झाल्या तर बाळ गुदमरेल."

असं कुणीही सांगितलं न्हवतं. रिपोर्ट इंग्रजीत होता. सुनी सातवी शिकलेली. तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं. माय पुढं झाली, "पर मला तर तसं..." मी तिच्या अंगावर खेकसले, "तुझ्या हाताला जास्त दिसतंय का मशीनला?"

मायनं हात मागं घेतला. पदरात गुंडाळला.

खाजगी दवाखान्यात सुनी बाहेर बसलेली असताना डॉक्टरांनी मला विचारलं, "सिझर कशासाठी पाहिजे?" मी म्हणाले, "तिला कळा सोसायच्या न्हाईत." त्यांनी ते कागदावर लिहिलं. सुनीच्या सासूनं पंचांगात दिवस बघितला. पांढरीशुभ्र चादर, सगळे अहो-जाहो करणारे. मुलगा झाला. मी त्या कॉरिडॉरमध्ये अशी काही फिरत होते, की दवाखाना माझ्याच मालकीचा हाय.

पुढं टाका पिकला. सुनी दोन महिने सरळ उठू शकली न्हाय. हॉटेलवाल्यानं दुसरी बाई लावली. सुनी पुन्हा गेली कामाला, पण कंबर धरायची, मध्येच खाली बसायची. बसून कुठं भाकरी थापत्यात हॉटेलात? काम सुटलं. सासू म्हणायची, "कापून काढलेलं पोर, हिला कुठं कळा म्हायती." सुनी हे सगळं ऐकून घ्यायची. वर मलाच म्हणायची, "अक्का, तू होतीस म्हणून माझं लेकरू वाचलं." येडाईला तिनं माझ्या नावानं नारळ फोडला.

तो प्रसाद मी खाल्ला. घशाखाली उतरला, बरं का.

तीन वर्षांनी सुनीला पुन्हा दिवस गेले. ह्या वेळी मी तिला जिल्ह्याच्या गावी मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या मॅडम तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "पहिलं सिझर कशासाठी झालं?" सुनी चटकन म्हणाली, "गळ्यात नाळ होती, दोन वेढे." मॅडम म्हणाल्या, "नाळ असली तरी पुष्कळदा नॉर्मल होतं. नक्की कारण काय होतं, टाका कसा घातलाय, ते बघायला लागेल. त्यावर ठरतं, ह्या वेळी नॉर्मलची वाट बघता येईल का. जुना कागद घेऊन या."

कागद माझ्याच पेटीत होता. मॅडमनी वाचला असता, की नाळेचा त्यात एक शब्द न्हाय. मला दोन रस्ते दिसले. एक, कागद हरवला म्हणायचं. कागद न्हाय म्हणजे पुन्हा सिझर, विषय संपला. दुसरा रस्ता तोंडानं सांगायचा. आठ दिवस मी पहिल्याच रस्त्यावर होते. कागद चुलीजवळ नेला बी होता. मग सुनीचा फोन आला, "अक्का, ह्या बारीला साधं झालं तर मी पुन्हा कामाला उभी ऱ्हाईन गं." कागद पुन्हा पेटीत ठेवला.

ती घरी आली तेव्हा माय अंगणात जवारी निवडत होती. मी दोघींच्या मध्ये बसले. कागद सुनीच्या मांडीवर ठेवला आणि सांगितलं.

सुनी म्हणाली, "नाळ न्हवती?"

"न्हवती."

"एक बी वेढा न्हवता?"

"न्हवता."

ती रडली न्हाय. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, "तुला चापट बसली, म्हणून माझं पोट कापलंस."

मी मायकडं वळले. आता सांगायचंच तर सगळं. म्हणाले, "माय, तू फडकं मारत होतीस तेव्हा मला तुझी लाज वाटली."

माय जवारीतले खडे बाजूला काढत राहिली. "ठावं हाय. तोंड फिरवलं हुतंस." मग म्हणाली, "तू खेकसलीस तवा म्या हात मागं घ्याया नको हुता. हाताला कळत हुतं माज्या."

म्हणजे चूक माझी, आणि ती बाई स्वतःला बोल लावून घेते! त्या दिवशी मला कळलं. सिस्टरनं मायच्या हातात फडकं दिलं. मी तर तिच्या हातातलं कसब काढून घेतलं. तिला येत होतं तेवढं सगळं. सिस्टरपेक्षा मी बेकार.

मॅडमनी कागद वाचला. सुनीला समोर बसवून समजावलं. कळा आल्या तर जुना टाका उसवायची भीती असते, थोडी, पण असते. म्हणून ऑपरेशनची तयारी असेल तिथंच हे करायचं. पुन्हा सिझर केलं तर त्याचेही त्रास असतात, आणि तिसरं मूल हवं असेल तर आणखी वाढतात. "तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या.

सवयीनं सुनीनं माझ्याकडं बघितलं. माझ्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. मी म्हणाले, "मॅडमला विचार. काय विचारायचं ते सगळं विचार."

तिनं विचारलं. एकेक करून विचारलं. मग म्हणाली, "मी वाट बघते. पर मदीच काय झालं तर मला सांगायचं, हिला न्हाय." बोट माझ्याकडं. "आनि आत माझ्यासंगं माय येईल. अक्का भाईर."

कळा सुरू झाल्या त्या दुपारी आम्ही तिघी तिथं पोचलो. दारात सिस्टर, माझ्या वेळची न्हवं, दुसरी. तिनं मायचं लुगडं बघितलं, भेगाळलेले पाय बघितले. "एकीलाच आत सोडतो. ह्या म्हातारीला काय कळतंय? आशाताई, तुम्ही या. तुम्ही आमच्यातल्याच की."

आमच्यातल्याच! बारा वर्षांपूर्वी हे ऐकायला मी जीव टाकला असता. खरं तर त्या दारातही एक क्षण बरं वाटलं. मग मायनं पाऊल मागं घेतलेलं दिसलं.

मी म्हणाले, "मी न्हाय येणार. आई येणार. बाळंतिणीनं तिला निवडलंय."

"नियम आम्हाला शिकवू नका."

"नियमानंच एक बाई सोडता ना? मग ही एक बाई हाय. आणि हिला म्हातारी म्हणायचं न्हाय. आजी म्हणा. न्हायतर तुमचं नाव सांगा, मी आत्ता लिहून मॅडमकडं देते."

"आवाज खाली करा."

"न्हाय करत."

सगळा बोळ बघत होता. मी दारातनं हलले न्हाय. सिस्टर बाजूला झाली. माय आत गेली.

मी बाकावर बसले. आतून सुनीचं ओरडणं येत होतं. मध्येच मायचा आवाज, "वरड, वरड बाई, मोकळी वरड." सहा-सात तास गेले. मग बाळाचे ठोके कमी व्हायला लागले. मॅडमनी सुनीला सांगितलं, तिलाच. सुनीनं विचार केला आणि कागदावर स्वतः सही केली. सिझर झालं. मुलगी. दोघी सुखरूप.

आणि बाहेर बसून माझ्या मनात काय आलं? बरं झालं, शेवटी सिझरच. म्हणजे मी बी एवढी चुकले न्हवते. असा विचार आला. मी स्वतःला लई शिव्या दिल्या, पण आला तो आला.

तिसऱ्या दिवशी सुनीनं मला जवळ बोलावलं. "खूश झालीस न्हवं, अक्का?" ती मला आरपार ओळखते. ती म्हणाली, "ह्या बारीला कशासाठी कापत्यात ते मला ठावं होतं. मी हो म्हणले म्हणून कापलं. तुझं तसं न्हवतं."

मग तिनं विचारलं, "आनि कुणाकुणाला सांगितलीस ही नाळ?"

ह्या प्रश्नाची मला भीती होती. सुनीच्या वेळी ते खोटं इतकं बेमालूम चाललं, की पुढं मी ते वापरत गेले. सिझरला न्हाय म्हणून कुणी अडून बसलं की नाळ. वाद मिटायचा, बाई भ्यायची, तारीख ठरायची.

"दोघींना," मी म्हणाले. "एक आपल्या वस्तीतली. एक वरच्या गल्लीतली सून."

सुनी म्हणाली, "मग इथं काय करतीस?"

काल वस्तीतल्या बाईकडं गेले. सांगितलं. तिनं माझ्या तोंडावर दार लावलं. तिला पुढच्या खेपेला डॉक्टरांना खरं कारण सांगता यावं, म्हणून तिच्या सिझरचा, माझ्याकडं राहिलेला कागद दाराच्या फटीतून आत सरकवला आणि आले.

उद्या वरची गल्ली. तिथं काय होणार ते मला माहीत हाय. माझ्या खोट्याला ते माझं खोटं म्हणणार न्हाईत, माझ्या जातीचं म्हणणार. मायचं नाव घेतील. अर्ज करतील, माझं काम जाईल. आशाताई म्हणून मी त्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलत आले, उद्या तशी बोलणार न्हाय. आत जाणार. सासूला न्हाय सांगणार, नवऱ्याला न्हाय सांगणार. त्या सुनेच्या समोर बसून तिला सांगणार. कापलेलं पोट तिचं हाय.