आत्याबाईंचा ओटीपी

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई गोजरबाई, उस्मानपुऱ्यात हातगाड्यावर मेथी-कोथिंबीर विकतात. जीभ अशी की गिऱ्हाइकानं जुडी जरा दाबली तरी म्हणणार, "बाई, जुडी हाय, नाडी नाय. किती दाबती?" कमरेच्या पिशवीत बटनाचा मोबाईल. त्याला हात लावायची कुणाची बिशाद नाय.

छातीत गाठ हाताला लागली तवा माझा नवरा संघपाल त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तो गाडी लावायला गेला अन् तेवढ्यात खिडकीवरल्या पोरीनं मोबाईल नंबर विचारला. आत्याबाईंनी ठसक्यात स्वतःचा सांगितला. झालं! गाठीचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट ऑनलाइन येणार, अन् तो उघडायचा ओटीपी आत्याबाईंच्या पिशवीत.

संघपालचा बेत वेगळाच होता. रिपोर्ट आधी आपण बघायचा, अन् वाईट असला तर मायला "चरबीची गाठ हाय" म्हणून सांगायचं. आमच्याकडं रीतच तशी. आजारी माणूस सोडून साऱ्या भावकीला आजार ठाऊक. मला हे बिलकुल पटत नाय, पण माझं ऐकतो कोण!

रिपोर्ट आल्याचा मेसेज मीच आत्याबाईंना वाचून दाखवला. संघपालनं लगेच आपल्या फोनवर दवाखान्याचं ॲप उघडलं अन् लाडात म्हणाला, "माय, आता एक नंबर आला असंल बघ. सांग बरं."

"नाय सांगत. बँकेतली बाई म्हणली, पोटच्या पोरानं मागितला तरी द्यायचा नाय."

"अगं, ते पैशाचं! हे दवाखान्याचं हाय."

"पैसा गेला तर परत कमावीन. जीव कुठून आणू?"

तेवढ्यात त्या नंबराची मुदत संपली. दुसरा मागवला, तो बी वाया गेला. संघपाल घामाघूम, अन् मला हसू आवरंना. शेवटी आत्याबाई म्हणल्या, "देते. पण माझ्यासमोर वाचायचं, अन् वाचून दाखवंल ही संध्या. तू लबाड हायेस."

आकडे त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसे खणखणीत सांगितले. रिपोर्ट उघडला. इंग्रजीतला तो शब्द दिसला अन् माझं हसू जागीच विरलं. संघपाल त्यांच्या पाठीमागून मान हलवत होता, नको, नको. पण बाईनं भरवशानं माझं नाव घेतलं होतं, खोटं बोलू कशी?

"आत्याबाई, कॅन्सर हाय," मी म्हणाले. "पण डॉक्टर म्हणले होते ना, गाठ लहान हाय, अन् इलाज हाय."

आत्याबाईंनी तोंडावरून हात फिरवला. "मला वाटलंच होतं. एकटीलाच लई भ्या वाटत होतं बघ. आता समद्यांना ठाऊक झालं, बरं झालं."

एवढ्यात मागून हुंदका आला. चाळिशीचा माझा नवरा दाराला टेकून ढसाढसा रडत होता. आत्याबाईंनी त्याला जवळ ओढलं, पदरानं त्याचं नाक पुसलं.

"उगी, लेका," त्या म्हणल्या. "भिऊ नको. उद्या मी नेते तुला दवाखान्यात."