डॉक्टरांचा नंबर एकदाच लिहावा

एक सत्य एकाच ठिकाणी असावं, हा माणसानं मोठ्या तपश्चर्येनं मिळवलेला विचार आहे. डेटाबेसच्या धंद्यात त्याला नॉर्मल फॉर्म म्हणतात, आणि तो समजावायला मी शिरूरहून दौंड तालुक्यात मोटारसायकलवर जात असे.

राहू गावाच्या अलीकडच्या एका दूध संस्थेचं ॲप मी करत होतो. प्रत्येक सभासदाच्या ओळीत त्याचं नाव, जनावरं किती, आणि जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर. मी चेअरमनना म्हणालो, "आप्पा, नंबर सभासदाचा नाही, डॉक्टरांचा आहे. डॉक्टरांचा तक्ता वेगळा करू. नंबर तिथं एकदाच लिहायचा. सभासदापुढं डॉक्टर कोण, एवढंच."

"म्हंजी तक्ता फोडायचा?"

"दोन करायचे."

"वाटणीच की! आम्ही भाऊ अजून एका चुलीवर जेवतो. संस्थेत वाटणी न्हाई व्हायची."

संचालक हसले. एक म्हणाला, "बांध कुठं घालायचा ते बी सांगा, इंजिनिअर."

तक्ता एकत्र राहिला. ओळी मानाप्रमाणे लागल्या. आधी चेअरमन, मग संचालक, मग गाव, आणि शेवटी माळावरची वस्ती, जिथं मेंढरं सोडून शेती धरल्याला एक पिढीही झालेली नाही. उद्घाटनाचा नारळ कॉम्प्युटरसमोरच फुटला. पाणी कीबोर्डमध्ये गेलं.

पुढं डॉक्टरांची शिरूरला बदली झाली आणि नवे डॉक्टर यवतला आले. कारकून नवा नंबर वरून एकेका ओळीत भरू लागला. संचालक संपले, गाव सुरू झालं, तेवढ्यात संध्याकाळचं दूध आलं. राहिलेलं राहिलंच.

वस्तीवरच्या आबांची एकुलती एक म्हैस भर दुपारी अडली. ॲपमध्ये स्वतःच्या नावापुढं दिसला तो नंबर त्यांनी लावला.

"डॉक्टर, म्हस अडलीय, बिगीनं या."

"आबा, मी आता शिरूरला. नव्या डॉक्टरांना लावा."

"त्यांचा नंबर?"

"संस्थेत मिळेल."

दुपारी संस्थेला कुलूप असतं. शोधाशोध होऊन यवतहून डॉक्टर पोचले, तोवर म्हैसही गेली होती आणि रेडकूही.

पुढच्या सभेत आप्पांनी दुःख व्यक्त केलं. म्हणाले, "कॉम्प्युटरची चूक."

मागून आबांनी विचारलं, "आप्पा, तुमच्या वळीत नंबर बराबर हाय का?"

मी लॅपटॉप उघडून पाहिलं. पहिली ओळ, आप्पांची. डॉक्टरांचा नवा नंबर बिनचूक. जनावरं: शून्य.