सात सँडर, पाच सुया

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात व्हर्ना कॉर्कमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सात सँडर मशीनं ओळीने मांडलेली होती, आणि तिच्या नवऱ्याला, एल्डनला, बशी ठेवायला जागा नव्हती. त्याने खारवलेल्या हेरिंग माशांची बशी मांडीवर घेतली आणि काकवीचा पाव तोडत तो म्हणाला, "चाळीस वर्षं बोटीवर जेवलो. तिथंसुद्धा बशी टेबलावर असायची."

"तिथं बायको नव्हती तुझी."

"तेच म्हणतोय मी."

सातांपैकी एकच मशीन व्हर्नाचं होतं. बाकीची सहा तिने हर्टल्स कोव्ह गावातल्या सहा घरांतून मागून आणली होती. लाकडाला हात लावणारं घर म्हटलं की या किनाऱ्यावर सँडर असतंच: मुठीत मावेल एवढं, खाली गोल पॅड, पॅडला पॉलिश पेपर. पॅड गोल फिरतं आणि फिरता फिरता जागच्या जागी डुलतंही, म्हणून लाकडावर एका दिशेचे ओरखडे उठत नाहीत. पण त्या डुलण्याची थरथर हाताला बसते. सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

जानेवारीतल्या एका सकाळी व्हर्नाच्या उजव्या हाताची दोन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत मेणासारखी पांढरी पडली. टाचणी टोचली तरी कळेना. तीन आठवडे ती कुणाला काही बोलली नाही. मग एक दिवस हातातून कप निसटला, आणि एल्डनने तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होती, पण बोलायला स्पष्ट. "मिसेस कॉर्कम, हे यंत्राच्या थरथरीचं दुखणं आहे. गेलं ते बहुधा परत येणार नाही. पण इथेच थांबवता येईल."

"कसं?"

"सँडर सोडा. नाहीतर कमी थरथरणारं घ्या आणि दिवसाला चाळीस मिनिटांच्या वर हातात धरू नका. तेही दहा-दहा मिनिटं, मधे थांबून."

त्याच आठवड्यात अग्निशमन दलाच्या हॉलमधून ऑर्ला नॉसचा फोन आला. ऑर्ला तिथल्या बायकांच्या मंडळाची प्रमुख. हॉलमधली प्लायवूडची टेबलं आता पार उकलली होती. जुलैच्या पहिल्या रविवारी लॉबस्टरचं गावजेवण, त्याच्या आत व्हर्नाच्या सुतारकामाच्या वखारीतून पिवळ्या बर्च लाकडाची आठ टेबलं हवी होती. हो की नाही, ते मार्चअखेर सांगायचं.

"नाही म्हणावं लागलं तर वखारीला कुलूप घालते," व्हर्ना एल्डनला म्हणाली. "अख्खं गाव ज्यावर जेवणार ती टेबलं मला करता येत नसतील, तर खुर्च्यांचे पाय घासत बसायला मी काही मोकळी नाही."

ती असं बोलते तेव्हा तसंच करते, हे एल्डनला एकोणचाळीस वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं.

व्हर्ना अठराव्या वर्षी बोटींच्या कारखान्यात लागली. तिथं लाकूड कापायचं, वाकवायचं, ठोकायचं काम पुरुषांचं. मुलींना मुकादम एका कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "तुम्ही घासा." मग व्हर्नाने घासलं. हाताने, ठोकळ्याला पेपर गुंडाळून, वर्षानुवर्षं. ज्या कामाला कुणी काम म्हणत नव्हतं त्यात तिचा हात असा बसला, की डोळे मिटून फळीवरून तळवा फिरवला तरी ती सांगायची, ही ॲम्ब्रोज सुताराने रंधली आहे, आणि सोमवारी रंधली आहे. पुढे पुढे तोच मुकादम हातातलं काम टाकून तिला बोलवायचा, "व्हर्ना, जरा इथं हात लाव बघू." कारखाना बंद पडला तेव्हा तिने सासऱ्यांची मासळी खारवायची वखार ताब्यात घेतली आणि तिथं टेबलं, कपाटं करायला लागली. आज ती बासष्ट वर्षांची आहे, तरी पावसाळी हवेत त्या वखारीतलं एखादं कपाट उघडलं, की जुन्या मासळीच्या वासाने गिऱ्हाईक आधी नाक वर करून हुंगतं आणि मग लाकडाला हात लावतं. हात लावला की नाक विसरतं.

नवं सँडर घ्यायचं तर दुकानात जाऊन घेता आलं असतं. खोक्यावर थरथरीचा आकडाही छापलेला असतो. "पण तो आकडा कुणाच्या हाताचा?" व्हर्नाचा प्रश्न होता. "आणि कुठल्या लाकडावरचा?"

गावातला दुसरा सुतार मर्व्हिन झ्विकर आपलं मशीन द्यायला आला तेव्हा दारातूनच म्हणाला, "अगं, सगळ्यात महाग असेल ते घे आणि मोकळी हो."

"महाग घोडं लाथ मारत नाही होय रे?"

"माझं नाही मारत," मर्व्हिन म्हणाला आणि हात कोटाच्या खिशात घालून निघून गेला.

व्हर्नाची पद्धत अशी होती. बर्चची एकच फळी. तिच्यावर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा मारायच्या. दहा मिनिटं एक मशीन चालवायचं. पहिल्या रेघा पुसायला किती वेळ लागला ते एल्डनने घड्याळ लावून लिहायचं. मग मशीन खाली ठेवून लगेच पाच सुयांत दोरा ओवायचा, त्याचाही वेळ लिहायचा. बोटं सुन्न झाली असतील तर सुई खोटं बोलू देत नाही.

पहिल्या दोन दिवसांचं सगळं लिहिणं तिने स्वतःच फाडून टाकलं. तेच मशीन सकाळी एक सांगायचं, दुपारी दुसरंच. "सकाळी हात गार असतात, दुपारी दमलेले," ती म्हणाली. मग तिने नियम केला: आधी पाच मिनिटं हात कोमट पाण्यात. दिवसाला दोनच मशीनं. आज जे सकाळी चाललं ते उद्या दुपारी. ती शाळेत दहावीपर्यंतच शिकलेली. प्रयोगशाळेत पगार घेऊन काम करणाऱ्या माणसांनाही हे दर वेळी सुचतंच असं नाही.

"आणि तुझ्या घड्याळाचं काय?" एल्डनने विचारलं. "तेही भिजवायचं का पाण्यात?"

"तू फक्त लिही."

हळूहळू वही भरली. पोस्टातल्या बाईंचं छोटं मशीन अगदी गरीब गाय. त्याचं डुलणं इवलंसं, त्यामुळे पाच सुया पन्नास सेकंदांत ओवून झाल्या. पण रेघा पुसायला पुरी दहा मिनिटं लागली. उलट मर्व्हिनचं जड मशीन चार मिनिटांत फळी कोरी करायचं, पण नंतर सुयांना पावणेतीन मिनिटं. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. मऊ मशीन घेतलं तर ते अडीचपट वेळ हातात धरावं लागणार. तिने वहीत वेळेला टेबलांच्या संख्येने गुणलं. मऊ मशीनने दिवस पुरत नव्हते, जड मशीनने बोटं उरत नव्हती. दोन्हीकडून उत्तर एकच येत होतं: नाही.

मार्च संपायला दहा दिवस उरले होते.

पण वहीतली एक ओळ तिला छळत होती. ऑर्लाच्या नवऱ्याचं मशीन आणि तिचं स्वतःचं, दोन्ही एकाच कंपनीची, एकाच वर्षी एकाच सेलमधून घेतलेली. त्याच्या मशीनवर सुयांना एक मिनिट वीस सेकंद. तिच्यावर तीन मिनिटं दहा, वर एक सुई जमिनीवर.

"तुझं जास्त झिजलंय," एल्डन म्हणाला.

"त्याचंही तेवढंच झिजलंय. ऑर्लाच्या घराचा लाकडी डेक त्याच मशीनने घासलाय तीनदा."

तिने दोन्ही मशीनं उलटी केली आणि पॅडं काढली. ऑर्लाच्या नवऱ्याचं पॅड मूळचं होतं. तिचं सहा वर्षांपूर्वी फाटलं होतं, तेव्हा तिने स्वस्तातलं एक जाड पॅड बसवलं होतं. खुर्च्यांच्या गोलाईसाठी त्यावर स्पंजची एक चकती चढवली होती आणि ती कधी उतरवलीच नव्हती. तिने केकसाठी पीठ तोलायचा वजनकाटा काढून दोन्ही पॅडं तोलली. तिचं पॅड पन्नास ग्रॅमने जड भरलं. मग तिने आत बॅटरीचा झोत टाकला. पॅडाच्या वर, दांड्याच्या एका बाजूला लोखंडाचा एक छोटा तुकडा होता.

"हे काय असेल?"

एल्डन वाकला. बोटीच्या इंजिनघरात आयुष्य काढलेला माणूस तो. "तोल आहे तो. पॅड एका बाजूला डुलतं, त्याला दुसऱ्या बाजूने सावरायला. पॅडाच्या वजनाएवढाच ओतलेला असणार."

"आणि पॅड जड झालं तर?"

"प्रॉपेलरचं एक पातं वाकल्यावर बोट कशी हादरते, पाहिलीस ना तू."

व्हर्ना खुर्चीवर बसली. उजव्या हाताची बोटं तिने डाव्या हातात धरली. "सहा वर्षं," ती म्हणाली. "धडधाकट मशीन टाकायचं नाही म्हणून."

एल्डन उठला. त्याने चहा ठेवला.

चहा पिऊन झाल्यावर तिने मर्व्हिनचं मशीन उलटं केलं. त्यालाही परकं, जाड पॅड होतं. चर्चची देखभाल करणारा सेक्स्टन आणि शाळामास्तर, दोघांच्याही मशीनांना तसंच. या गावात काही फाटलं की जुळेल ते बसवायचं, हीच रीत. दुसऱ्या दिवशी तिने मर्व्हिनच्या मशीनचं मूळ पॅड दुकानातून आणून लावलं आणि हात कोमट पाण्यात घातले. रेघा चार मिनिटांत गेल्या. सुया एक मिनिट पाच सेकंदांत ओवल्या गेल्या. तिने हे तीन दिवस, सकाळ-दुपार, पुन्हा पुन्हा करून पाहिलं आणि मगच तसलंच एक नवं मशीन घेतलं. सोबत मूळची पॅडं तीन.

मर्व्हिनचं मशीन परत करायला ती स्वतः चालत गेली. तो खोड कापत होता.

"हात बघू तुझे," ती म्हणाली.

"लग्नाची मागणी घालतेस की काय?"

"मर्व्हिन, हात."

त्याने करंगळी आणि शेजारचं बोट पुढे केलं, दुसरीकडे बघत. दोन्ही टोकाला पांढरी होती.

"कधीपासून?"

"दोन हिवाळे. तू काय गावभर सांगणार आहेस का आता?"

"नाही. पण नवं पॅड लावलंय, ते काढलंस तर सांगेन. आणि डॉक्टरकडे जा. पोर आहे, पण हुशार आहे."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी व्हर्ना हॉलमध्ये गेली. ऑर्ला कोबी आंबवायची पिंपं मोजत होती.

"बोल गं बाई. हो की नाही?"

"एका टेबलाला घासकाम पाच तास वीस मिनिटं," व्हर्ना म्हणाली. "दिवसाला चाळीस मिनिटं धरली तर आठ दिवस. जुलैपर्यंत कामाचे दिवस पासष्ट, त्यातून हात गारठणारे वजा कर, पन्नास उरतात. सहा टेबलं."

"आठ म्हटलं होतं मी."

"सहा माझी. दोन मर्व्हिन करील."

"मर्व्हिन तयार आहे?"

"त्याला अजून विचारलं नाही," व्हर्ना म्हणाली. "पण तो नाही म्हणणार नाही. लाकूड मात्र एकाच ओंडक्याचं पाहिजे, नाहीतर त्याची दोन ओळखू येतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वखारीचं दार उघडलं, भिंतीवरचं घड्याळ समोर दिसेल असं हलवलं आणि पहिल्या फळीवर पेन्सिल टेकवली.