भोंगामावशीची जीभ

आमच्या डोणगावच्या आळीला गिरणीच्या भोंग्याची गरजच नव्हती. शेजारच्या मावशी होत्या ना! लग्न होऊन मी उंबरठा ओलांडला, त्याच दिवशी त्यांनी भिंतीपलीकडून माझ्या सासूबाईंना विचारलं, “काऊन वं, हे झिपरी कुठून आणली?” अख्ख्या आळीनं ऐकलं. असा राग आला होता मला! भोंगामावशी हे नाव मी मनातल्या मनात त्याच दिवशी ठेवलं.

तोंड तिखट, पण कुणाच्या घरी बाळंतीण असली की पहिला डिंकाचा लाडू त्यांचाच. अबोला फक्त धाकट्या जावेशी, रुक्मीशी. एका भांडणात तिला ‘वांझोटी’ म्हणून बसल्या होत्या. तेव्हापासून घराची दोन घरं झाली. मधे भिंत.

महाराष्ट्र नवा नवा होता तेव्हाची गोष्ट. मावशींच्या जिभेच्या कडेला गाठ आली. आधी वाटाण्याएवढी, मग सुपारीएवढी. दुखत नव्हती, पण बोलणं जड झालं. आळीत कॅन्सरची कुजबुज सुरू झाली. मावशींचं निदान वेगळंच.

“माह्या शिव्याच उलटल्या माह्यावर.”

मग काय, बाई दारोदार माफी मागत फिरल्या! माझ्यापुढेही हात जोडले, “सूनबाई, तुले झिपरी म्हटलं, मनात नको ठेवू वं.” हसावं की रडावं कळेना. शेवटी जावेच्या दारात गेल्या, तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि नुसत्या रडत राहिल्या. रुक्मीनं त्यांना उठवलं. “चाला बाई, उद्या अकोल्याले जाऊ.”

तिथं डॉक्टरांना रुक्मीच म्हणाली, “साहेब, जीभ तेवढी ठेवा हिची. हिचा आवाज आयकल्याबिगर मले करमत नाई.”

जीभ राहिली. शेंगेतून दाणा निघावा तशी गाठ निघाली. तपासून आल्यावर डॉक्टर म्हणाले, “मज्जातंतूच्या आवरणावर वाढलेली साधी गाठ. कॅन्सर नाही. आणि शिव्यांनी गाठ येत नसते, बाई.”

मावशी घरी आल्या त्या तणतणतच. “मंग मी साऱ्यायच्या पाया उगाच पडली का?” दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा झिपरी! जावेची माफी मात्र त्यांनी परत घेतली नाही. उलट गवंडी बोलावून मधल्या भिंतीत दार पाडून घेतलं.

बऱ्याच वर्षांनी रुक्मी गेली. मी भेटायला गेले, तर मावशी त्याच दारात बसलेल्या.

“जीभ तर वाचली वं सूनबाई,” त्या हळूच म्हणाल्या. “आता बोलू कोनाशी?”

मी म्हटलं, “मावशी, मला झिपरी म्हणा की.”

त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. म्हणाल्या नाहीत.