वैरागडे बाईंचा अंगठा

आमच्या शाळेतल्या वैरागडे बाई कुणाला भेटल्या की आधी नमस्कार नसे, 'कसं काय' नसे. अंगठा पुढे यायचा, समोरच्याची खालची पापणी ओढली जायची आणि बाई आत डोकावून बघायच्या. लाल दिसलं तर "बरं हाय", फिकं दिसलं तर "काय खाते तू?" शाळा तपासायला आलेल्या साहेबांचीही पापणी त्यांनी बोलता बोलता ओढली होती. एका लग्नात अक्षता टाकून झाल्यावर नवरीची पापणी बघून तिच्या सासूला म्हणाल्या, "सूनबाईले आधी पोटभर जेवू घालजा."

अल्लीपूरच्या पलीकडे आमचं लहानसं गाव. सत्तरच्या दशकात तिथल्या शाळेत मी तिसरीत होते आणि दोनच कामं मन लावून करत होते. एक झोपणं आणि दुसरं भिंत खाणं. माझ्या बसायच्या जागेशेजारी भिंतीचे पोपडे सुटले होते. ती माती मला इतकी गोड लागायची की तिथे चांगलं कोनाड्याएवढं भोक पडलं. बाईंनी ते बघितलं आणि त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पोट्टी भीत खाऊन राह्यली. अजून एक साल ठेवली इथं तं शाळा पडन!"

दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली आणि बाबा मला शाळेतून काढायला आले. त्यांचा राग नव्हता, हिशेब सरळ होता. "बाई, वर्गात झोपतेच हे. वावरात आली तं मायच्या हाताखाली कामी तं पडन."

बाईंनी माझी पापणी ओढली, मग सरळ बाबांची. गावात असा प्रकार दुसऱ्या कुणी केला असता तर बाबांनी मुकाट्यानं उभं राहून करू दिला नसता. "तुमचा डोळा पाहा अन् पोरीचा पाहा. आळशी नाई हे, रगत नाई तिच्या अंगात. संक्रांतीपर्यंत मले द्या. लाल नाई झाला तं खुशाल न्या." बाबा 'हो' म्हणून गेले. मला मात्र संक्रांतीच्या धास्तीनं रडू आलं, कारण झोपायला का होईना, शाळा मला आवडायची.

तेव्हापासून दवाखान्यातून शाळेत रक्त वाढवणाऱ्या लोहाच्या गोळ्या येऊ लागल्या. बाई रोज आम्हाला ओळीत उभं करून त्या गिळायला लावायच्या. चार दिवस बरे गेले आणि मग सकाळी परसाकडे गेलेली पोरं घाबरून परत आली. सगळ्यांची शी काळी! गोळीनं पोरांची आतडी जळाली, अशी बातमी दुपारपर्यंत घरोघर पोचली. मायनं मला बजावलं, "गिळू नोको, थुकून टाकजो." सगळ्यांच्याच मायांनी तेच सांगितलं होतं. गोळ्या लपवायला जागा कुठे, तर मी खाल्लेलं भोक तयारच होतं. बाईंना ते गच्च भरलेलं सापडलं.

बाई पोरांवर ओरडल्या नाहीत. बाजाराच्या दिवशी, भाजीवालीपुढे बायांची गर्दी असताना, तिथे जाऊन उभ्या राहिल्या. पिशवीतून गोळी काढली, सगळ्यांसमोर गिळली आणि वर्गात कविता म्हणायच्या त्याच खणखणीत आवाजात म्हणाल्या, "लेकराईले द्याच्या आधीपासून मी सोता खाऊन राह्यली. माही बी काळीच होते! मेली काय मी?"

पुरुष मंडळी इकडेतिकडे बघत पांगली. बाया पदर तोंडात धरून हसत सुटल्या. माझी काकू म्हणाली, "बाई, लाज नाई वाटत काय वं तुमाले?"

"लाज काऊन? गोळीच्या रंगानं होते ते. फिक्या लेकराईची लाज वाटते मले. अन् आयका, गोळीवर चहा नोका पाजू, गोळीचा गुन जाते. लिंबू पिळलेली पालेभाजी द्या."

आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता, पण गोळ्या पोटात जाऊ लागल्या. माझा चहा बंद झाला. भिंतीची माती हळूहळू नुसती माती लागायला लागली.

संक्रांतीला बाई तिळगूळ घेऊन आमच्या घरी आल्या. मला अंगणात उन्हात ओढलं, पापणी खाली केली आणि बाबांना हाक मारली. बाबा वाकून बघत राहिले. त्यांना लाल-फिकं किती कळलं देव जाणे. शेवटी म्हणाले, "रंगाचं मले नाई समजत. पन हे आता झोपत नाई बाप्पा, दिवसभर तोंड चालू राह्यते तिचं. घरी ठेवली तं आमालेच झोपू नाई देनार. ठेवा तुमच्याचपाशी." त्या दिवशी मी इतका तिळगूळ खाल्ला की रात्री पोट दुखलं.

पुढे बाई निवृत्त होऊन पिपरी मेघे या गावी मुलाकडे राहायला गेल्या. मला प्राथमिक शाळेत नोकरी लागली, तेव्हा पेढे घेऊन गेले. बाई खाटेवर बसून होत्या. डोळ्यांनी दिसणं जवळजवळ गेलं होतं. नाव सांगितलं तसा सवयीनं हात वर आला, चाचपडत माझ्या गालावर टेकला आणि अंगठ्यानं पापणी ओढली. बराच वेळ तशाच बघत राहिल्या.

"मले आता दिसत नाई वं. तूच सांग, लाल हाय?"

"लाल आहे, बाई."

"हाय नं? मंग आता तुह्या वर्गातल्या लेकराईचे डोळे पाह्यजो." आणि मग, पेढा तोंडात टाकून, "भीत शाबूत हाय नं वं तुह्या शाळेची?"