खंडेनवमीचं शॉवेल

रांगोळीची वरची कड दिसेनाशी झाली, तेव्हा मी पेढे वाटत होते. आधी वाटलं, वाऱ्याने वाळू येऊन बसली असेल. नीट पाहिलं, तर कडेजवळचं कमळही अर्धं गेलं होतं आणि त्याच्यावर वाळू नव्हती. शॉवेलची चेन होती.

साठच्या दशकातली गोष्ट आहे. इकडे हिंदी मुलखात, आज जिथे जवाहर नगरचे सेक्टर आहेत, त्यामागच्या टेकडीच्या अंगावर पाण्याची टाकी व्हायची होती. तिच्यासाठी उतार कापून सपाट जागा करायचं काम माझ्याकडे होतं. मी खात्यात ज्युनियर इंजिनियर. अख्ख्या डिव्हिजनमध्ये बाई मी एकटी, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे.

शॉवेल म्हणजे खोदाईचं यंत्र. हल्ली गल्लीबोळात दिसतात तसलं चपळ नव्हे. एखादी खोली चालायला लागावी तसं ते चालायचं. खाली रणगाड्यासारखे लोखंडी पट्टे, त्यांना साइटवर चेन म्हणत. पुढे बकेट, म्हणजे दात असलेलं मोठं सूप, जाड वायररोपवर लटकलेलं. रोपचा ब्रेक सोडला की बकेट स्वतःच्या वजनानेच खाली यायची.

असं धूड उतारावर वापरायचं तर नियम सोपे आहेत. तोंड चढाकडे ठेवायचं, आडवं उभं करायचं नाही. काम थांबलं की बकेट जमिनीला टेकवायची. आणि चेनच्या खालच्या अंगाला ठोकळे सारायचे, बैलगाडीच्या चाकाला दगड लावतो तसे. आमच्याकडे रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे तुकडे होते. हे नियम मी इतक्यांना ऐकवले होते, की आमचा दूधवालाही शॉवेल पार्क करू शकला असता.

मग नवरात्र आलं. आमच्या साताऱ्याकडे खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतात, आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. मी जाहीर केलं, यंदा शॉवेलची पूजा. भक्ती वगैरे काही नव्हती. इथल्या मराठी मंडळातल्या बायका हळदीकुंकवाला जमल्या की यजमानांच्या बदल्या आणि बढत्या मोजत बसत. त्यांना मला माझं यंत्र दाखवायचं होतं. एवढंच.

ऑपरेटर गुरबचनसिंग म्हणाला, "मैडमजी, नीचे मैदान में ले आऊँ? आराम से पूजा करो."

"मैदान में क्या शोभा? यहीं रहने दो. और बकेट ऊपर रखो, हार लटकना चाहिए."

"बकेट ऊपर?"

"फोटो है, भैया."

तो हसला. "आपकी मर्जी. मेरा ब्रेक पहाड़ों में नहीं हिला." लोक जावयाबद्दल बोलतात तसं गुरबचन आपल्या ब्रेकबद्दल बोलायचा.

आता गंमत ऐका. मी चौरंग घरी विसरले. कलश मांडायचा कशावर? इकडेतिकडे पाहिलं, तर चेनमागचे दोन ठोकळे दिसले. छान चौकोनी, एका उंचीचे. तेलकट होते म्हणून ते रॉकेलने पुसून घेतले, बकेटखाली शेजारी शेजारी ठेवले, वर लाल खण अंथरला. कुणाला कळलंही नसतं, ते कुठून आले. आणि जिथून काढले, ती जागा मोकळी दिसत होती म्हणून तिथे रांगोळी घातली. हो, मीच.

पूजा झाली. "कल तक हाथ नहीं लगाना," मी गुरबचनला बजावलं. बायका बकेटच्या दातांना भीतभीत कुंकू लावून खाली गेल्या. उतार संपतो तिथे खेजडीच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, सावलीत जाजम अंथरलं होतं. सासूबाई गुडघ्यांमुळे वर आल्याच नव्हत्या. त्या बरोब्बर शॉवेलच्या खाली, पाय पसरून बसल्या होत्या, भोवती सात-आठ बायका आणि त्यांची पोरं. आणि आता कमळ अर्धं दिसत होतं.

अशा वेळी शहाणा माणूस काय करील? खालच्यांना ओरडून बाजूला करील. मी पेढ्यांचा पुडा टाकला आणि वर पळाले. बकेटखाली. कारण तिथे माझ्या लग्नातलं चांदीचं निरांजन होतं.

गुरबचन एव्हाना केबिनमध्ये चढला होता. बकेट खाली सोडली की दात मातीत रुततात आणि यंत्राला आधार मिळतो, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. पण सोडणार कशी? खाली मी ओणवी. एका हातात निरांजन, दुसऱ्या हाताने सुपारीचा गणपती शोधतेय.

"मैडमजी, हटो."

"एक मिनट."

"मैडमजी, यह मिनट नहीं देगी."

मागून दगड फुटल्यासारखा आवाज आला. चेन आणखी हातभर खाली गेली होती. तेवढ्यात खालून सासूबाईंचा आवाज टेकडीवर चढला, गुडघे नसले म्हणून काय झालं. "अगं, दिवा राहू दे तो. आम्ही हितं बसलोय."

मी बाजूला उडी मारली. बकेट आली ती हार, नारळ आणि पितळी ताम्हन घेऊनच जमिनीत घुसली. शॉवेल थोडं ओढलं गेलं, कुरकुरलं, आणि थांबलं. खाली बायकांनी सासूबाईंना जाजमासकट ओढून बाजूला केलं होतं. त्या जाजमावर अजून बसूनच होत्या.

गुरबचन उतरला आणि हात जोडून म्हणाला, "इंजन नहीं चलाया, मैडमजी. बस रोप का ब्रेक छोड़ा. आपकी पूजा नहीं टूटी."

त्यानंतर पाचएक मिनिटांत आमचे साहेब, माथुरजी, प्रसादाला आले. त्यांनी यंत्र पाहिलं, रांगोळी पाहिली, चेनच्या मागे पाहिलं.

"ब्लॉक कहाँ हैं?"

मी बोट दाखवलं. लाल खण बकेटच्या कडेपासून वीतभर लांब, आश्चर्य म्हणजे कलशासकट शाबूत होता. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बूट काढले. कलशाला नमस्कार केला. तो उचलून माझ्या हातात दिला, खणाची नीट घडी घालून त्याच्यावर ठेवली. मग ठोकळे उचलून उतरले आणि मोजे मातीत माखत एकेका चेनखाली एकेक ठोकून बसवला. सगळं मंडळ बघत होतं. मी कलश धरून उभी, दुसऱ्या हातात अजून निरांजन.

"अगले साल भी पूजा करना," बूट घालताना ते म्हणाले. "नीचे, मैदान में."

घरापाशी टांग्यातून उतरताना सासूबाई म्हणाल्या, "चांदी किती तोळे होती गं?"

त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. ते निरांजन देवघरात आहे. नातसून वात लावते, तेव्हा मी दुसरीकडे बघते.

पुढच्या वर्षी पूजा झाली. मैदानात, बकेट जमिनीला टेकलेली. चौरंग मी सकाळीच टांग्यात ठेवला होता. सासूबाई या वेळी यंत्रापर्यंत चालत आल्या. बायका म्हणाल्या, माई, तुम्ही पहिलं कुंकू लावा. त्या बकेटकडे गेल्याच नाहीत. काठी टेकत यंत्राच्या मागे गेल्या, वाकल्या, आणि आधी दोन्ही ठोकळ्यांना हळदकुंकू लावलं. एकेक हलवूनही पाहिला.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक साइटवर हाच क्रम होता. आधी ठोकळे, मग देव. देवाची काही तक्रार आली नाही.